दात कोरण्याचा उन्हाळा

शारजात जुलै लागला की आमची बिल्डिंग रिकामी व्हायची. सगळे गावाला जायचे. लिफ्टमध्ये कोणी भेटायचं नाही, खालचा ग्रोसरीवाला दुपारी शटर अर्धं ओढून आत झोपायचा आणि पार्किंगमध्ये जागाच जागा असायची. तिचा आम्हाला काही उपयोग नव्हता, कारण आमच्याकडे गाडी नव्हती. आम्ही एक वर्षाआड चिपळूणला जायचो आणि ते वर्ष न जाण्याचं होतं. मी नुकतीच बारावीत आले होते आणि सुट्टी लागायच्या आधीच सुट्टीला कंटाळले होते.

माझं पुढचं ठरलेलं होतं. कोणी बसून ठरवलं नव्हतं, पण घरात सगळे तसंच धरून चालले होते. बारावी झाली की मी चिपळूणला आत्याकडे राहणार आणि तिथल्या कॉलेजात बी.कॉम. करणार. बाबा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत एसीचे डक्ट बनवायचे. आई रोला चौकाजवळच्या एका लेडीज सलूनमध्ये दिवसभर बायकांच्या भुवया करायची. दोघांपैकी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे बी.कॉम. म्हणजे त्यांना खूपच वाटायचं. मलाही वाटायचं.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात बायोलॉजीच्या मिसनी मला लॅबमध्ये थांबवून घेतलं. त्या केरळच्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, दुबईतलं एक डेंटल कॉलेज उन्हाळ्यात मुलांना बोलावतंय. ज्यांच्या घरात कोणी डॉक्टर सोडाच, ग्रॅज्युएटही नाही अशी मुलं. बस त्यांची, जेवण त्यांचं, पांढरा कोटही त्यांचाच. दंतवैद्यक म्हणजे काय ते उन्हाळाभर शिकवायचे, प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करून घ्यायचे आणि शेवटी इंटरव्ह्यू. त्यातल्या काही जणांना पुढे फी माफ होऊन सीट मिळणार होती.

"मीच का, मिस?" मी विचारलं.

"तू कांद्याचा पापुद्रा काढतेस तेव्हा तुझा हात हलत नाही," त्या म्हणाल्या आणि स्लाइड्स धुवायला लागल्या.

घरी सांगितलं तर बाबांना कळेचना. "दाताचं काय शिकायचं असतं? दुखला की काढायचा."

आई म्हणाली, "जाऊ दे तिला. घरात बसून फोनच बघत बसेल."

मी गेले ती अशी. फोन बघू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मला जो कोट मिळाला त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. बाह्या दुमडून दुमडून कोपरापर्यंत जाड वळकटी झाली. शेजारच्या खुर्चीवर तशाच वळकट्या लावलेली एक मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसायला लागलो. तिथून जे हसू सुरू झालं ते उन्हाळाभर थांबलं नाही. ती डोंगरांपलीकडच्या खोर फक्कानची होती. तिचे वडील बंदरावर टगबोट चालवायचे, म्हणजे मोठमोठ्या कंटेनरच्या जहाजांना ढकलत धक्क्याला लावणारी छोटी बोट. रोज येणं-जाणं शक्य नव्हतं म्हणून ती कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायची. आम्ही इंग्लिशमध्ये बोलायचो. ती मध्येच अरबी घालायची, मी मध्येच हिंदी, आणि ते सगळं आपोआप कळायचं.

शिकवणाऱ्या डॉक्टर इराकी होत्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज खर्जातला. त्यांनी पहिल्याच तासाला प्रत्येकापुढे मेणाची एक छोटी वडी आणि एक कोरणी ठेवली. पडद्यावर खालच्या दाढेचं मोठं चित्र होतं. म्हणाल्या, "ही दाढ या मेणात आहे. बाकीचं मेण काढून टाका."

मी दुपारपर्यंत बाकीचं मेण काढत होते. आपल्या तोंडात ही वस्तू इतकी वर्षं आहे आणि आपण तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही, याचं मला फार नवल वाटायला लागलं. तिला डोंगर होते, दऱ्या होत्या, मध्ये पाणी वाहावं असे ओहोळ होते. मी जीभ फिरवून स्वतःच्या दाढेचे डोंगर मोजायची आणि मेणावर कोरायची. सगळा वर्ग जिभा फिरवत बसला होता. आमचे गाल एकदा इकडून, एकदा तिकडून फुगत होते.

डॉक्टर माझ्या टेबलाशी आल्या. दाढ उचलून त्यांनी उजेडात धरली. मी तिच्या माथ्यावरची खाच एका बाजूला फारच वर नेली होती.

"ही दाढ हसतेय," त्या म्हणाल्या.

खोर फक्कानच्या मैत्रिणीने टेबलाखाली डोकं घातलं. मला तिचे फक्त हलणारे खांदे दिसत होते. तिची स्वतःची दाढ मात्र अशी उतरली होती की डॉक्टरांनी ती सगळ्यांना दाखवली. घरी लहानपणापासून शिंपल्यांवर नक्षी काढायची म्हणे.

त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले, आंघोळ करून जेवायला बसले आणि म्हणाले, "मग काय केलं दिवसभर?"

"दात कोरले," मी म्हटलं.

बाबांनी घास तसाच हातात धरला. "ते तर आम्ही पण करतो. जेवण झाल्यावर."

आईला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. मग महिनाभर, बाबांच्या फॅक्टरीतल्या कोणीही विचारलं की मुलगी सुट्टीत काय करते, तर बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "दात कोरते," आणि समोरच्याचं तोंड बघत राहायचे.

मला दातांचं वेडच लागलं. बसमध्ये माणसं जांभया द्यायची आणि मी त्यांच्या तोंडात बघायची. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचे पुढचे दात नवे बसवलेले आहेत हे मी आईला सांगितलं. ग्रोसरीवाला पैसे परत देताना हसला, तर त्याचा एक सुळा जागा चुकून वर आलेला दिसला, आणि मी इतका वेळ बघत राहिले की त्याने हसणं बंद करून विचारलं, "और कुछ चाहिए?" रात्री मी स्वप्नात दाढा कोरायची. सकाळी उठून सहाच्या उन्हात बस स्टॉपवर उभी राहायची तेव्हा चष्म्यावर वाफ धरायची, समोरचं काही दिसायचं नाही, आणि तरी मला जाम आनंद झालेला असायचा.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला खालच्या मजल्यावर नेलं. तिथे ओळीने खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला एक डोकं लावलेलं होतं. रबरी गाल, प्लास्टिकचे दात, डोळ्यांच्या जागी काही नाही. आधी त्यांच्यावर ड्रिल चालवायचं, मग कधीतरी काही वर्षांनी माणसांवर. माझ्या मैत्रिणीने आमच्या डोक्याचे गाल थोपटले आणि म्हणाली, "घाबरू नकोस, हबीबी." त्या दिवसापासून आम्ही त्याला हबीबीच, म्हणजे लाडक्याच, म्हणायला लागलो.

ड्रिल हातात घेतल्यावर ते माझ्या हातातून पळून जाईल असं वाटलं. आवाज बारीक, पाण्याचा फवारा, आणि दाताला टोक टेकलं की पांढरा भुगा. दाढेवर एक छोटा चौकोनी खड्डा करायचा होता. मी तो केला. चांगला झाला. मला इतका आनंद झाला की मी मैत्रिणीला दाखवायला वळले. ड्रिलवरून हात काढला, पण पायाखालच्या पेडलवरून पाय काढायचा राहिला. ड्रिल तोंडातच फिरत होतं. ते गालात घुसलं, पाण्याचा फवारा छतापर्यंत गेला आणि मैत्रिणीने घाईने हबीबीचं तोंड मिटायला त्याची हनुवटी दाबली, तर खालचा सगळा जबडा सुटून तिच्या मांडीवर पडला.

ती त्या जबड्याकडे बघत म्हणाली, "सॉरी, हबीबी."

त्यानंतर आम्ही दोघी कामाच्या उरलो नाही. एक थांबली की दुसरीला यायचं. डॉक्टरांनी दाराकडे बोट केलं आणि आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बाहेर एसी इतका गार होता की दात वाजत होते, आणि दात वाजतायत हे लक्षात आल्यावर पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही ताठ झालो. त्यांनी दार मागे नीट लावून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि त्या स्वतः हसायला लागल्या. खर्जातलं हसू, पोट धरून. मग डोळे पुसले.

"माझ्या पहिल्या वर्षी," त्या म्हणाल्या, "मी अख्खं डोकं पाडलं होतं. ते घरंगळत प्रोफेसरांच्या पायाशी गेलं. यल्ला, आत चला. पण पेडलवरून पाय आधी काढायचा, ड्रिल नंतर."

ते मी कधी विसरले नाही.

पुढे एकदा त्यांनी सांगितलं की घरच्या एखाद्या माणसाला घेऊन या, त्याच्या दातांचा साचा काढायचा आहे. बाबांना सुट्टी मिळेना आणि मिळाली असती तरी ते आले नसते, त्यांना दाताच्या खुर्चीची भीती वाटायची. आई तयारच होती. सलूनमधून अर्ध्या दिवसाची रजा काढून, नवा कुर्ता घालून, लिपस्टिक लावून आली.

"अगं, दात दाखवायचेत, लिपस्टिक कशाला?" मी म्हटलं.

"मी दात दाखवायला नाही, तुझं कॉलेज बघायला आलेय," आई म्हणाली.

साच्यासाठी एक गुलाबी पावडर असते. ती पाण्यात कालवायची, श्रीखंडाएवढी दाट झाली की दातांच्या ओळीसारख्या वळणाच्या एका पाळ्यात भरायची आणि ते पाळं दातांवर दाबून धरायचं. हे सगळं भराभर करावं लागतं, नाहीतर भांड्यातच रबर होतं. मैत्रीण भांडं धरून उभी राहिली. मी जिवाच्या आकांताने कालवत होते. आई खुर्चीत पडून वरच्या दिव्याकडे बघत होती आणि सलूनमधल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होती.

डॉक्टर म्हणाल्या, "यांना सांग, ओकारी आल्यासारखी वाटली तर डावा पाय वर उचला. लक्ष पायाकडे जातं आणि उबळ जाते."

मी मराठीत सांगितलं. आईने ओकारी यायची वाट न बघता लगेच डावा पाय उचलला. मी पाळं तिच्या तोंडात सरकवलं आणि दाबून धरलं. आईची गोष्ट अर्धी राहिली होती. ती नाकातून, हातांनी आणि भुवयांनी पुढे सांगायला लागली. पाय वरच होता. पायातली चप्पल अंगठ्याला लोंबकळत होती. मग बहुधा डावा पाय दुखला असावा, म्हणून तिने त्याच्या मदतीला उजवाही उचलला.

माझा हात हलायला लागला. मिसनी ज्या हाताची तारीफ केली होती तोच हात. मैत्रिणीने माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं, पण तीही हलत होती, त्यामुळे आई, मी आणि ती अशा तिघी एकत्र हलत होतो. शेवटी पाळं सुटलं, पॉक् असा आवाज झाला आणि आई पहिलं वाक्य बोलली ते असं, "आणि मग ती म्हणाली, माझी उजवी भुवई कुठे गेली?"

साचा मात्र सुरेख आला होता. डॉक्टरांनी तो दिव्याखाली तिरका धरला आणि त्या थांबल्या. वरच्या पुढच्या दाताच्या काठाशी एक बारीक उंचवटा होता. साच्यात उंचवटा म्हणजे दातात खाच. त्यांनी आईला हिंदीत विचारलं. त्यांचं हिंदी टीव्ही बघून शिकलेलं होतं, त्यामुळे त्या फार अदबीने बोलायच्या. "आप सिलाई करती हैं? दाँत से धागा?"

"सिलाई नहीं, थ्रेडिंग," आई म्हणाली. तिने पर्स उघडली आणि धाग्याचं रीळ काढलं. ते तिच्या पर्समध्ये कायम असायचं, जसं बाकीच्यांच्या पर्समध्ये कंगवा असतो. धागा तोडला, एक टोक दातात धरलं, ते बरोब्बर त्या खाचेत जाऊन बसलं.

डॉक्टरांनी सगळ्या वर्गाला बोलावलं. पुस्तकात अशी खाच असते असं वाचलं होतं, आता समोर बघा, म्हणाल्या. एकेक जण येऊन आईच्या तोंडात बघून गेला. आई तोंड उघडं ठेवून मला डोळ्यांनी विचारत होती, काय झालं, कीड आहे का? मी सांगितलं, कीड नाही, वर्षानुवर्षं धागा घासून झिजलंय. भरून देता येईल, असं डॉक्टर म्हणतायत.

"नको नको," आई म्हणाली. "धागा तिथेच बरोबर बसतो."

मग ती डॉक्टरांकडे बघत राहिली. आल्यापासून तिचं लक्ष त्यांच्या भुवयांकडे होतं हे मला ठाऊक होतं. आता ती बोलणारच, हेही ठाऊक होतं. "मॅडम, पाँच मिनिट लगेगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. जेवणाची सुट्टी झालीच होती. त्यांनी आईला सिंककडे नेऊन हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, आम्हाला शिकवलं होतं तसे. दातात धागा धरायचा म्हणजे मास्क लावता येणार नाही, हे लक्षात आल्यावर थोडा विचार केला. आणि मग आमच्या त्या उंच डॉक्टर स्वतःच्याच खुर्चीत आडव्या झाल्या.

आईला ती खुर्ची इतकी आवडली की विचारू नका. सलूनमध्ये ती दिवसभर वाकून उभी असायची. इथे पेडल दाबलं की गिऱ्हाईक वर येत होतं, पुन्हा दाबलं की मान मागे जात होती आणि दिवा ओढावा तिकडे येत होता. तिने डॉक्टरांना एकदा वर, एकदा खाली, मग पुन्हा थोडं वर केलं. दिवा फिरवला. "ही खुर्ची आमच्याकडे पाहिजे होती," ती मला म्हणाली. डॉक्टर डोळे मिटून म्हणाल्या, "आराम से, आराम से," आणि धागा फिरायला लागल्यावर त्यांनी हळूच डावा पाय उचलला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्गातल्या बहुतेक मुलींच्या भुवया झाल्या. संध्याकाळी बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. "तुझ्या मॅडम चांगल्या आहेत," ती म्हणाली. आणि उतरायच्या आधी, "तू ते तोंडात घातलंस तेव्हा मला भीती नाही वाटली. तू हसत होतीस तरी."

बाबांचं मात्र अजून बी.कॉम.च चालू होतं. आत्याने खोली रंगवायला काढली होती.

प्रोग्राम संपत आला तेव्हा मैत्रिणीने आम्हा तिघांना घरी बोलावलं. शनिवारी आम्ही बसने खोर फक्कानला गेलो. रस्ता डोंगरांमधून जातो, बोगदे लागतात, आणि मग एकदम खाली समुद्र. बाबा इतकी वर्षं या देशात होते, पण फॅक्टरी, घर आणि विमानतळ याच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. बसमधून उतरून ते रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले. डोंगर थेट पाण्यात उतरलेला, खालच्या वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, माशांचा वास.

"मला कोणी सांगितलंच नाही," बाबा म्हणाले, "की इथे असंही आहे."

मैत्रिणीच्या वडिलांना हिंदी चांगलं यायचं. बंदरावर सगळ्यांना येतं. दोघांची ओळख झाली आणि त्यांनी लगेच माशांवर बोलायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, आमच्याकडे याला सुरमई म्हणतात, ते म्हणाले, आमच्याकडे कनद. मोठ्या परातीत भात आणि मासे आले. सगळे खाली बसून जेवलो. बाबा एका बाजूनेच चावतायत हे मला दिसलं आणि मी मैत्रिणीला कोपर मारलं. तिलाही दिसलं होतं.

जेवणानंतर आम्ही दोघींनी फोनचा टॉर्च लावला, आइस्क्रीमच्या नव्या काड्या घेतल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवलं. मैत्रिणीच्या आजीपासून सुरुवात केली. आजीला मोजून तीन दात होते आणि तिला त्यांचा फार अभिमान होता. तिने आ केला. मी एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने तिचा गाल बाजूला केला, तसे तिने ते तीन दात मिटले आणि माझं बोट पकडून ठेवलं. सोडेना. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. सगळं घर हसत होतं. मी बोट तिथेच ठेवून तिच्या गालावर हात फिरवला आणि मराठीत म्हटलं, "आजी, सोडा ना." काय कळलं कुणास ठाऊक, पण सोडलं.

"अजून धार आहे," मैत्रिणीने आजीचं अरबी मला सांगितलं.

शेवटी बाबा उरले. ते उठून समुद्र बघायला जातो म्हणाले. मैत्रिणीच्या वडिलांनी त्यांचा दंड धरला. "बैठो, भाई. मेरा भी देखा उन्होंने." बाबा बसले. मी म्हटलं, "बाबा, आ करा." त्यांनी डोळे गच्च मिटले आणि आ केला. खालच्या डाव्या दाढेत चांगली मोठी कीड होती. मी त्यांना ड्रिलबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "ही वाचेल, बाबा. काढावी नाही लागणार. कॉलेजमध्ये तपासणीसाठी घेऊन जाते."

त्यांनी डोळे उघडले. "तुला कसं कळलं, वाचेल?"

मी मैत्रिणीकडून पेन्सिल घेतली आणि पेपर नॅपकिनवर दाढ काढली. वरचं कवच, आतलं, मधली नस, कीड इथपर्यंत पोचली असावी, नसेपर्यंत नाही, कारण रात्री दुखत नाही, फक्त गारगरम लागलं की कळ येते. बरोबर? बाबांनी गालावर हात ठेवला. बरोबर होतं. त्यांनी हे कोणाला सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणीचे वडील चहा ओतत होते. बाबांनी त्यांना विचारलं, "आप लड़की को डेंटिस्ट बनाओगे?"

"वो देखेगी, इन्शाल्ला," ते म्हणाले. "मेरा काम धक्का देना है. जहाज अपने आप चलता है." आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

परतीच्या बसमध्ये बाबांनी आत्याला फोन लावला. रंगाचं काय झालं ते विचारलं, पाऊस कसा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "खोली तुलाच राहू दे. पोरगी इकडेच शिकतेय असं दिसतंय." मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. बोगद्यात काचेत मला माझेच दात दिसत होते, सगळे.

इंटरव्ह्यूला तीन जण बसले होते. मी रुग्णसेवेवर एक छान उत्तर पाठ केलं होतं आणि खुर्चीवर बसताक्षणी ते विसरले. मधल्या वयस्कर प्रोफेसरांनी विचारलं, दातच का? मी खरं ते सांगितलं, की मी आता जिथे जाते तिथे लोकांच्या तोंडातच बघत असते आणि मला ते थांबवता येत नाही.

"मग माझ्या तोंडात काय दिसतं?" ते म्हणाले.

"तुमचा वरचा उजवा सुळा किंचित वळलेला आहे, सर. छान दिसतो."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाकीचे दोघे खाली बघायला लागले. बाहेर आल्यावर मला वाटलं, गेली सीट.

निकाल डॉक्टरांनी फोनवर सांगितला. मी आईच्या सलूनमध्ये बसले होते. फोन उचलल्या उचलल्या त्या खर्जात म्हणाल्या, "खलास." आमच्या घरात खलास म्हणजे संपलं, माणूस गेला तरी खलास. मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय झालं? तू खूश नाहीस? खलास, झालं काम. सीट तुझी. बारावीचे मार्क सांभाळ." मी आईला सांगायला गेले, तर हसू आणि रडू एकदम येऊन तोंडातून काहीच धड निघेना. आईच्या दातात धागा होता, समोर एका बाईची अर्धी भुवई झालेली. तिने धागा न सोडता नुसत्या मानेने विचारलं. मी मान डोलावली. तिने ती भुवई पूर्ण केली, मग दुसरी केली, अगदी नीट, आणि मग गिऱ्हाइकाला आरसा देऊन मागच्या खोलीत गेली. मी मागे गेले तर ती टॉवेलच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून हसत होती.

मैत्रिणीलाही सीट मिळाली होती. ती तिने घेतली नाही. म्हणाली, मला तोंडं नाही आवडत, मला फक्त दात आवडतात. ती आता दुसऱ्या मजल्यावर दातांच्या लॅबचा कोर्स करते, कॅप आणि ब्रिज बनवते. तिच्या हातची दाढ ओळखू येत नाही, खरी वाटते. मी साचे पाठवले की कधी कधी चिठ्ठी येते, "हे काय केलंयस?"

मी चौथ्या वर्षाला आहे. यंदापासून आम्हाला खरे पेशंट मिळतात. माझा पहिला पेशंट एक क्रेन ऑपरेटर होता, ड्युटी संपवून सरळ आलेला. दातांची सफाई करायची होती. मी सकाळपासून पाणीसुद्धा धड प्यायले नव्हते. त्याला सगळं समजावून सांगितलं, काय करणार, कुठे टोचेल, दुखलं तर हात वर करा. त्याने मान डोलावली, तोंड उघडलं आणि मी वरच्या ओळीला हात घातला तसा तो झोपला. खरंच झोपला. श्वास एकसारखा, तोंड तसंच उघडं. मला कळेना हे अपमानाचं आहे की कौतुकाचं. मी काम चालू ठेवलं. वरची ओळ झाली, खालची झाली, पॉलिशही झालं. आमच्या त्याच डॉक्टर तपासायला आल्या, आरसा घालून सगळीकडे बघितलं.

"भूल दिलीस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही. आपोआप," मी कुजबुजले.

दोघींच्या मास्कमागे काय चाललं होतं ते डोळ्यांतच दिसत होतं. त्यांनी दिवा बाजूला केला, त्याच्या अंगावरचा निळा कागद जरा वर ओढला आणि मला शेजारच्या खुर्चीवर जायला सांगितलं. पुढचा पेशंट तिथे येऊन बसला होता.